नवी बाइक? भंडारदरा जरा नंतर!

उसाचं बिल आलं, घरच्यांनी थोडी भर घातली आणि दारात नवी कोरी बाइक उभी राहिली. आता ग्रुपवर एकच विषय, भंडारदऱ्याला कधी जायचं? थांबा जरा! सुरुवातीचे काहीशे किलोमीटर तुम्ही गाडी कशी चालवता, यावर इंजिनचं पुढचं आयुष्य अवलंबून असतं.

नव्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला घासून हळूहळू नीट बसतात. त्यातून निघणारी धातूची बारीक पूड ऑइलमध्ये उतरते. म्हणून ऑइल वरून स्वच्छ दिसलं, तरी पहिल्यांदा ते लवकर बदलायचं. बहुतेक बाइकची पहिली सर्व्हिस ५०० ते १००० किलोमीटरच्या दरम्यान असते. नेमके किलोमीटर आणि दिवस मॅन्युअलमध्ये बघा. जे आधी भरेल, ते धरा.

तोवर नगर-पुणे हायवेला एकाच स्पीडने तासभर गाडी ताणू नका. इमामपूरच्या घाटात टॉप गिअरमध्ये रडवत चढवू नका. सकाळी स्टार्ट केल्या केल्या रेस देऊ नका. स्पीड कमी-जास्त करत चालवा.

ऑइल मात्र मॅन्युअलमधल्याच ग्रेडचं मागा. बहुतेक गिअरच्या बाइकचा क्लच त्याच ऑइलमध्ये असतो. कारचं ऑइल टाकलं, तर तो स्लिप होऊ शकतो.

भंडारदरा कुठं पळून जात नाही. १,६४६ मीटरचं कळसूबाईही तिथंच आहे. पहिलं ऑइल बदला, मग खुशाल निघा!