पाटी, साखळी आणि काठी

‘कुत्र्यापासून सावध राहा’ ही पाटी पुण्यातल्या जुन्या बंगल्यांवर आणि नव्या रो-हाउसवर सारखीच दिसते. पाटी टांगली की आपली जबाबदारी संपली, असा पुष्कळ मालकांचा समज असतो. मला मात्र ती कबुलीजबाबासारखी वाटते. आपले जनावर माणसाच्या अंगावर येऊ शकते हे घरधन्याला ठाऊक होते, असे ती लेखी सांगते, आणि कायद्यात या ठाऊक असण्याला वजन आहे. इंग्लंडच्या जुन्या न्यायपरंपरेत भरपाई मागणाऱ्या जखमीला, कुत्र्याचा चावरा स्वभाव मालकाला आधीपासून माहीत होता, हे सिद्ध करावे लागे. पहिला चावा माफ, असे लोक त्यावरून म्हणत.

आपल्याकडे 1860 च्या दंड संहितेने फौजदारी कायद्यात ही पळवाट ठेवली नाही. कलम 289 मध्ये ‘जाणूनबुजून’च्या जोडीला ‘निष्काळजीपणे’ही आले. ताब्यातल्या जनावराकडून माणसाच्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीचा संभाव्य धोका असेल, तर तो टळेल एवढा बंदोबस्त न ठेवणे हाच गुन्हा. चावा घडलाच पाहिजे असे नाही. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेत हेच कलम 291 झाले. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आहे. ‘आपसात मिटवा’ असे ठाण्यात सांगितले गेले तर एवढे लक्षात असू द्यावे.

मी वकील नाही. जुनी संहिता वाचते ती तिच्या गद्यासाठी. तिच्यातली उदाहरणे म्हणजे लहान लहान गोष्टीच आहेत, आणि त्यांतल्या काही कुत्र्यांच्या आहेत. एकीत कुणीतरी दुसऱ्याच्या अंगावर कुत्र्याला ‘छू’ करतो. हेतू इजा करण्याचा, घाबरवण्याचा किंवा त्रास देण्याचा असेल तर तो फौजदारीपात्र बलप्रयोग. दुसरीत एकजण चावऱ्या कुत्र्याचे मुसके सोडायला लागतो. कुत्रा अजून जागचा हललेला नाही, पण समोरच्याला धास्ती वाटावी म्हणून हात मुसक्याकडे गेला, की हमला झाला. दुखापतीच्या कलमात तर शस्त्र, आग आणि विष यांच्याच यादीत जनावर आहे. या सगळ्यात संहितेची नजर साखळी धरणाऱ्या हाताकडे आहे. कुत्र्याच्या जातीचा उल्लेखही नाही.

जातीकडे बोट दाखवणे अलीकडचे. ब्रिटनने 1991 च्या कायद्यात पिटबुल, जपानी टोसा, डोगो आर्जेंटिनो आणि फिला ब्राझिलेरो या चार प्रकारांवर बंदी आणली. आपल्या केंद्र सरकारने मार्च 2024 मध्ये परिपत्रक काढून पिटबुल, रॉटवायलर धरून 23 जातींची यादी दिली. संबंधितांचे म्हणणे न ऐकताच हे केले म्हणून कर्नाटक उच्च न्यायालयाने पुढच्याच महिन्यात ते रद्द केले. माझ्या मते त्यात फार नुकसान झाले नाही. यादीबाहेरचा कुत्राही मोकळा सुटला की चावतोच.

राहिली काठी. आमच्या इमारतीत कपडे घेऊन आलेल्या इस्त्रीवाल्या काकांवर लिफ्टमधून साखळीविना निघालेला कुत्रा धावला. काकांनी हातातली छत्री हाणली. कुत्रा लंगडला, काकांच्या पोटरीला चार टाके पडले, आणि पोलिसांची धमकी मिळाली ती काकांना! “आमचा कधी कुणाला चावत नाही हो,” हे मालकीणबाईंचे पालुपद चालूच होते.

धमकी पोकळ नव्हती. जनावराला मारणे किंवा अपंग करणे यासाठी कलम 325 खाली पाच वर्षांपर्यंत कैद आहे. मालकाच्या हयगयीला सहा महिने, छत्रीला पाच वर्षे! बचावाच्या हक्काची कलमे पाहावीत, तर तिथे सगळी भाषा माणसाने केलेल्या कृत्याची. वेडा, अजाण मूल किंवा नशेतला माणूस यांच्याविरुद्धही तो हक्क कलम 36 देते. कुत्र्याचे नाव त्यात नाही. कुणी ‘छू’ केले असेल तर कृत्य माणसाचे ठरते आणि हक्क मिळतो. नुसत्या हयगयीने सुटलेल्या कुत्र्यापुढे आधार घ्यायचा तो कलम 19 चा. मोठी हानी टाळण्यासाठी, गुन्हेगारी हेतूवाचून आणि सद्भावनेने केलेली हानी गुन्हा नाही. आग पसरू नये म्हणून मधली घरे पाडणारा माणूस हे तिथले उदाहरण. शिवाय 325 ला नुकसान करण्याचा हेतू किंवा तशी जाणीव लागते. काकांना पोटरी वाचवायची होती.

अट एकच, धोका असेपर्यंतच काठी. कुत्रा मागे सरल्यावर पाठलाग करून घातलेला दुसरा तडाखा या आधारात बसत नाही. त्याआधी पळू नये, पिशवी किंवा छत्री मध्ये धरावी. चावलाच तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि लगेच दवाखाना गाठावा, मालक लसीचा कागद दाखवत असला तरी. तिथे नोंदीत कुत्रा कुणाचा आणि साखळी होती की नव्हती, हे लिहून घ्यायला सांगावे. काकांच्या कागदावर फक्त ‘श्वानदंश’ एवढेच लिहिले होते.