अंगणवाडी गावात, मुलं ओढ्यापलीकडे

मी काम करते त्या गावात अंगणवाडी ग्रामपंचायतीला लागून आहे आणि बौद्धवाडा ओढ्यापलीकडे. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की वस्तीतली लहान मुलं घरीच राहतात. आया सकाळीच मजुरीला गेलेल्या, पोचवणार कोण? पटावर मात्र सगळ्यांची नावं आहेत.

अंतराचा फटका सगळ्या वयांना सारखा बसत नाही. तीन वर्षांखालच्या बाळाचा आहार घरी नेता येतो. आई एखाद्या दिवशी जाऊन पाकिटं आणते. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला गरम ताजा आहार केंद्रात बसूनच खायचा असतो. गाणी, गोष्टी, अक्षरांची ओळखही तिथेच. केंद्र लांब असलं की जेवण बुडतं आणि शाळेआधीची तयारीही. मग पहिलीत ऐकायला मिळतं, "या वस्तीतली मुलं कच्ची."

एकात्मिक बाल विकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली. केंद्र लोकसंख्येच्या निकषावर मंजूर होतं, पण जागा गावात ठरते, आणि गावात कोणाचा शब्द चालतो हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

अन्न अधिकाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबर २००४ ला आदेश दिला: अनुसूचित जाती-जमातींच्या सगळ्या लोकांपर्यंत योजना पोचेपर्यंत नव्या अंगणवाड्या त्यांचं प्रमाण जास्त असलेल्या वस्त्यांतच काढाव्यात. १३ डिसेंबर २००६ चा आदेश त्याहून कामाचा आहे. वस्तीत सहा वर्षांखालची किमान ४० मुलं असतील आणि अंगणवाडी नसेल, तर मागणी केल्यापासून तीन महिन्यांत ती मिळायला हवी. मलाही हे एम.ए. झाल्यावर कळलं.

म्हणून आधी घरोघर जाऊन मुलं मोजा. नाव, जन्मतारीख, आईचं नाव लिहा. ऊसतोडीला गेलेल्या घरांची मुलंही धरा, नाहीतर आकडा घसरतो. 'बौद्ध' लिहिलंय म्हणजे अनुसूचित जाती नाही, असं कोणी म्हणालं तर १९९० ची कायदादुरुस्ती दाखवा. ग्रामसभेत ठराव घ्या, यादीसह अर्ज बाल विकास प्रकल्प अधिकाऱ्यांना द्या आणि तारखेसह पोच घ्या. तीन महिने तिथून मोजायचे.

आमच्याकडे मुलं ३१ भरली. ४० चा आधार गेला, म्हणून २००४ च्या आदेशावर मागणी केली आणि जागेसाठी समाजमंदिराची खोली देऊ केली. पोच मिळून पाच आठवडे झालेत.