नवा कर्नेल आला, जुना केव्हा काढावा?

संगणकाच्या कार्यप्रणालीतील सुरक्षाविषयक सुधारणा आपोआप होत असल्या, तरी जुने कर्नेल डिस्कवर साचत राहिल्यास पुढील सुधारणा अडू शकतात. मात्र ते घाईने पुसल्यास संगणक सुरू न होण्याचा धोका असतो. लिनक्सवर आधारित ‘उबुंटू’ या प्रणालीत हा प्रश्न अनेकदा उद्भवतो. केरळमधील शाळांत वापरली जाणारी ‘काइट ग्नू-लिनक्स’ ही प्रणालीही उबुंटूवरच आधारित आहे.

कर्नेल हा कार्यप्रणालीचा गाभा होय. प्रोसेसर, मेमरी, डिस्क आणि इतर यंत्रसामग्री यांचे नियंत्रण तो करतो. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये जाहीर केलेला लिनक्स हा मुळात असा कर्नेलच आहे.

इतर प्रोग्रॅमची नवी आवृत्ती जुनीची जागा घेते. नवा कर्नेल मात्र सहसा जुन्याच्या शेजारी स्वतंत्रपणे बसवला जातो. नव्यात काही दोष आढळल्यास संगणक सुरू होताना ‘ग्रब’ या यादीतून जुना कर्नेल निवडता यावा, हा त्यामागील हेतू आहे.

या फायली ‘बूट’ या कक्षात राहतात. संपूर्ण डिस्क सांकेतिक स्वरूपात सुरक्षित केली असल्यास बूटसाठी सामान्यतः वेगळा, लहान विभाग राखला जातो. तो भरला की नव्या कर्नेलची जोडणी अर्धवट राहते आणि सुरक्षा सुधारणांचे काम खोळंबते.

जुना कर्नेल काढण्यापूर्वी संगणक एकदा पुन्हा सुरू करणे आवश्यक आहे. तोपर्यंत नवा कर्नेल केवळ डिस्कवर असतो. प्रत्यक्ष काम जुनाच करीत असतो. ‘यूनेम -आर’ या आज्ञेने चालू कर्नेलचा क्रमांक समजतो. नव्या कर्नेलवर इंटरनेट, ध्वनी आणि पडदा व्यवस्थित चालतात याची खात्री झाल्यावरच पुढचे पाऊल उचलावे.

त्यानंतर प्रशासकीय अधिकारासह ‘एपीटी ऑटोरिमूव्ह’ ही आज्ञा द्यावी. चालू असलेला आणि सर्वांत नवा कर्नेल राखून अनावश्यक कर्नेल काढण्याची व्यवस्था तीत आहे. तरीही संमती देण्यापूर्वी पडद्यावरील यादी वाचणे इष्ट ठरते, कारण तीत कर्नेलव्यतिरिक्त इतर घटकही असू शकतात. वापरकर्त्याने स्वतःहून बसवलेला कर्नेल मात्र या आज्ञेने निघत नाही. तो नाव देऊन काढावा लागतो.

बूट कक्षातील फायली हाताने पुसणे टाळावे. तसे केल्यास तो कर्नेल अस्तित्वात असल्याचीच नोंद प्रणालीत कायम राहते आणि त्याचे उर्वरित भाग डिस्कवर पडून राहतात.

उबुंटूच्या अलीकडील आवृत्त्यांमध्ये स्वयंचलित सुधारणेबरोबरच निरुपयोगी कर्नेल काढण्याचीही सोय आहे. तथापि, नव्याची खात्री पटेपर्यंत पूर्वी नीट चाललेला किमान एक कर्नेल राखून ठेवणे हिताचे ठरते.