वर्षाचे ब्रीद

पाडव्याला घरोघर गुढी उभी राहते. कडुनिंबाची कोवळी पाने, गूळ आणि जिरे वाटून सगळे खातात. मग पंचांग वाचतात. पंचांगात येणाऱ्या वर्षाचे नाव दिलेले असते. माणसाला नाव असते, तसे वर्षालाही असते. अशी साठ नावे आहेत. पहिले प्रभव, शेवटचे क्षय. साठ वर्षे सरली की पुन्हा प्रभव येते. शके १९४७ चे नाव विश्वावसु आणि शके १९४८ चे नाव पराभव. पण पराभव नाव आहे म्हणून कोणी पेरणी थांबवीत नाही.

पंचांगातले नाव सगळ्यांसाठी एकच असते. आमचे म्हणणे असे, की आपल्या स्वतःच्या वर्षाला आपणही एक शब्द द्यावा. या शब्दाला आम्ही ब्रीद म्हणतो.

आता कोणी म्हणेल, आम्ही तर दर साली नेम धरतो, मग हे नवीन काय? फरक आहे. तो नीट समजून घेऊ.

आमच्या ओळखीचे एक शेतकरी आहेत. त्यांनी एका पाडव्याला पाच नेम धरले. तंबाखू खाणार नाही. पहाटे उठेन. रोज एक पान वाचेन. महिन्याला काही पैसे मागे टाकेन. घरात आवाज चढवणार नाही. पाचही नेम चांगले होते. पण महिन्याने अक्षय्य तृतीया आली, तेव्हा त्यांतला एकही उरला नव्हता. पाहुण्याच्या लग्नात कोणी तंबाखूची डबी पुढे केली आणि पहिला नेम मोडला. एक मोडल्यावर ते म्हणाले, “गेलंच की आता, बाकीचं तरी कशाला!”

नेमाचे असेच होते. तो पाळला किंवा मोडला, मधली गोष्ट नाही. कच्च्या मडक्याला एक तडा गेला की त्यात कोणी पाणी भरीत नाही.

ब्रीद तसे नसते. शेतात पाभर धरणारा गडी काय करतो ते आठवा. तो पायाखाली बघत नाही. समोरच्या बांधावरचे एखादे झाड नजरेत धरतो. बैल जरा इकडेतिकडे झाला, तरी झाड जागेवर असते. गडी पुन्हा झाडाकडे बघतो आणि पाभर सरळ करतो. ओळ थोडी वाकडी झाली म्हणून कोणी पेरणी सोडून घरी जात नाही. ब्रीदाचा शब्द म्हणजे बांधावरचे ते झाड.

त्याच शेतकऱ्यांनी पुढच्या पाडव्याला नेम धरले नाहीत. एकच शब्द घेतला: हिशेब. ते नुकतेच लिहाय-वाचायला शिकले होते. दहा रुपयांची वही आणली आणि पहिल्या पानावर तो शब्द लिहिला.

आधी नुसता खर्च लिहीत. तंबाखूच्या पुड्यांना रोज २० रुपये जात होते. महिन्याचे झाले ६००, वर्षाचे ७,३००. तंबाखू सुटली असे आम्ही म्हणणार नाही, पण पुड्या निम्म्यावर आल्या. मग दुधाकडे लक्ष गेले. डेअरीत दूध घातले की चिठ्ठी मिळते. तिच्यावर लिटर, फॅट आणि दर छापलेला असतो. पूर्वी त्या चिठ्ठीत ते तंबाखू बांधीत. आता चिठ्ठ्या वहीत ठेवू लागले. दहा दिवसांच्या बिलाशी चिठ्ठ्या लावून पाहिल्या, तर दोन वेळचे दूध बिलात धरलेच नव्हते. चिठ्ठ्या दाखवल्या. चूक लगेच दुरुस्त झाली.

शेवटी सावकाराचे कर्जही वहीत आले. १०,००० रुपये घेतले होते, महिना शेकडा ५ व्याजाने. म्हणजे महिन्याला ५०० आणि वर्षाला ६,००० रुपये. तीन वर्षे ते नुसते व्याजच भरीत होते. व्याजाचे १८,००० गेले आणि मुद्दल होते तसेच उभे! तो आकडा आपल्याच हाताने लिहिलेला पाहून त्यांना दोन दिवस जेवण गोड लागले नाही. मग नवरा-बायको बसून बोलले. शेळ्या विकल्या आणि मुद्दल फेडून टाकले. “कर्ज फेडीन” असा नेम त्यांनी धरलाच नव्हता. हिशेब या शब्दानेच त्यांना तिथवर नेले.

मधे दिवाळीत महिनाभर वही कोरी राहिली. पण महिना गेला म्हणून शब्द गेला नाही. तारीख घालून ते पुन्हा लिहू लागले.

मोठ्या माणसांकडे पाहिले तरी हेच दिसते. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली. स्वावलंबी शिक्षण हे त्यांचे ब्रीद. त्या एका गोष्टीवरून बाकीचे ठरत गेले. मुलांनी शेतात काम करावे, स्वयंपाक करावा, कमवावे आणि शिकावे. साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहात, एका पंक्तीला जेवत. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मुलांच्या जेवणासाठी अंगावरचे दागिने मोडले. भाऊरावांनी एक ब्रीद सगळा जन्म सांभाळले. आपण निदान एक वर्ष सांभाळून पाहावे.

शब्द कसा निवडावा? सुख, यश असले मोठे शब्द घेऊ नयेत. ते ऐकायला गोड, पण सकाळी उठून करायचे काय ते सांगत नाहीत. दुसऱ्याचा शब्दही घेऊ नये. आपल्याला वरचेवर कुठे अडते ते पाहावे. आमच्या वर्गात एक मावशी येत. कचेरीत गेल्या की त्यांची बोलती बंद होई. त्यांनी शब्द घेतला: विचारणे. निराधार योजनेचे त्यांचे पैसे चार महिने आले नव्हते. पूर्वी त्या गप्प बसल्या असत्या. त्या साली तहसील कचेरीत गेल्या आणि खिडकीशी उभ्या राहून त्यांनी विचारले. बँकखात्याला आधार जोडलेले नव्हते, एवढीच अडचण होती. पुढे दवाखान्यातही त्या विचारू लागल्या, ही गोळी कशाची, किती दिवस घ्यायची. सुनेलाही विचारू लागल्या, तुला काय वाटतं? घरातली धुसफूस त्यामुळे कमी झाली, असे सूनच सांगते.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो. ज्याला रोज भरपूर दारू लागते, त्याने एकट्या शब्दावर भिस्त ठेवू नये. अशी दारू एकदम बंद केली तर जिवाला धोका होऊ शकतो. त्याने आधी सरकारी दवाखान्यात डॉक्टरांना भेटावे.

शब्द गावभर सांगायची गरज नाही. घरात एकाला सांगितला तरी पुरे. वहीच्या पहिल्या पानावर तो मोठ्या अक्षरात लिहावा. वही नसेल तर खडूने दारामागे लिहावा. दर अमावास्येला त्याच्यासमोर बसावे. या महिन्यात शब्द कुठे कामी आला, कुठे विसरला, ते दोन ओळींत लिहावे. दोन ओळी जड वाटल्या तर एकच लिहावी. खाली तारीख घालावी आणि आपली सही करावी.