दार उघडत नाही तेव्हा
गाडी आणि ऋतू : लेखांक 7

महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी कडाक्याच्या थंडीत एखाद्या पहाटे गाड्यांच्या टपांवर दव गोठतं, हिमकण दिसतात. ठाणे, कल्याण, डोंबिवलीत पारा शून्याच्या जवळपासही जात नाही. गोठलेल्या दाराची कटकट आहे ती टोरांटो-शिकागोकडे राहणाऱ्या आपल्या नातेवाइकांना. दाराच्या रबरात मुरलेलं पाणी रात्रीत गोठतं आणि सकाळी दार चौकटीला घट्ट धरून बसतं. म्हणजे तिथेही दार अडवतं ते पाणीच. ते लोक हिवाळ्याआधी जी तयारी करतात, ती आपण पावसाळ्याआधी करायला हवी.

आधी कुलपाचं बघू. रिमोट आल्यापासून चावी भोकात घालून फिरवायची सवयच मोडली. वर्षानुवर्षं न फिरलेल्या त्या लॉकमध्ये खाडीकडची दमट हवा आणि रस्त्यावरची धूळ साचते, आतल्या बारीक पट्ट्या आणि स्प्रिंगा गंजतात. मग भर पावसात रिमोटचा सेल संपतो, आणि चावी अर्धीच जाते किंवा फिरतच नाही. बटणाने सुरू होणाऱ्या गाड्यांच्या रिमोटमध्येही बहुधा एक छोटी चावी दडवलेली असते, आणि तिचं भोक काही गाड्यांत हँडलवरच्या झाकणाखाली असतं. ते कुठे आहे हे आजच शोधून ठेवा. महिन्यातून एकदा चावीने दार उघडा. लॉकमध्ये खोबरेल किंवा शिलाई मशीनचं तेल घालू नका, त्यावर धूळ चिकटून चिखल होतो. ग्रॅफाइटची पूड चांगली.

दाराच्या खालच्या कडेला पाणी निघून जाण्यासाठी बारीक भोकं असतात. काचेवरून ओघळणारं पाणी दाराच्या पोटात उतरतं आणि तिथून बाहेर पडतं. गुलमोहराखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत पाकळ्या आणि माती साचून ही भोकं बुजतात. दार लावताना आत पाणी हिंदकळल्याचा आवाज आला, तर समजा की काच वरखाली करणारी मोटर आणि लॉकची यंत्रणा ओलाव्यात उभी आहे. लाकडी काडीने भोकं मोकळी करा. रबरी बीडिंग पुसून त्यावर सिलिकॉनचा हात फिरवा. थंड देशांत दार गोठू नये म्हणून हेच लावतात. आपल्याकडे त्याने उन्हात रबर चिकटत नाही, तडकत नाही.

इथवरची गोष्ट खर्चाची आणि खोळंब्याची. पुढची जिवाची आहे.

26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला. त्या पुरात काही माणसं बंद गाड्यांतच गेली. 29 ऑगस्ट 2017 च्या पावसातही सायनजवळ एका गाडीत एक तरुण मृतावस्थेत सापडला. आपला भाग यातून सुटलेला नाही. ठाण्यात वंदना टॉकीजचा परिसर दरवर्षी तुंबतो, उल्हास नदी चढली की कल्याण-मुरबाड रस्त्यावरचा रायता पूल बंद करावा लागतो. जुलै 2019 मध्ये याच नदीच्या पाण्यात महालक्ष्मी एक्सप्रेस वांगणीजवळ अडकली होती.

पाण्यात दार का उघडत नाही, याचं गणित सरळ आहे. मीटरभर रुंद दारावर बाहेरून अर्धा मीटर पाणी चढलं आणि आत कोरडं असलं, तर दारावर सुमारे सव्वाशे किलोचा भार येतो. दार बिजागरीवर फिरतं म्हणून कडेला त्याच्या निम्मा जोर पुरतो, पण साठ-बासष्ट किलोचा तो जोर सीटवर बसून बाजूला लावायचा असतो. धडधाकट माणसालाही ते जमेलच असं नाही. तेवढ्यात वायरिंगमध्ये पाणी गेलं तर सेंट्रल लॉकिंग आणि काचा दोन्ही बंद पडतात. सायलेन्सर पाण्याखाली असताना इंजिन चालू ठेवून काचा लावून बसणंही घातक. विषारी वायू आत येऊ शकतो आणि त्याला वास नसतो.

म्हणून पाणी चढू लागताच, वीज शाबूत आहे तोवर, लॉक उघडा आणि काच खाली करा. पट्टे सोडा, मुलांना आधी बाहेर काढा. मागच्या दारांना चाइल्ड लॉक असेल तर ती आतून उघडणारच नाहीत, हे मागे बसणाऱ्या आजी-आजोबांना ठाऊक असायला हवं. काच फोडायची वेळ आली तर पुढच्या मोठ्या काचेच्या नादी लागू नका. तिच्यात प्लास्टिकचा थर असतो, ती तडकते पण सुटत नाही. बाजूच्या काचेच्या कोपऱ्यावर टोकदार वस्तूने घाव घाला. काच फोडायची छोटी हातोडी थोडक्या पैशांत मिळते. ती डिकीत ठेवू नका, चालकाच्या हाताशी ठेवा. मदतीसाठी 112.

या रविवारी घरातल्या सगळ्यांना गाडीत बसवा, दारं लॉक करा आणि प्रत्येकाला आतून लॉक उघडून बाहेर पडायला सांगा. गाडी न चालवणाऱ्यांनाही हे एकदा हाताने करू द्या.

पुढील लेखांकात : पाण्यात बंद पडलेली गाडी लगेच सुरू का करू नये.