बिबट्या : नर की मादी?

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांच्या ऊसपट्ट्यात ‘बिबट्या दिसला’ ही वार्ता वाऱ्यासारखी पसरते. दिसलेले जनावर नर होते की मादी, असा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही. ‘बिबट्या’ हा शब्दच पुल्लिंगी असल्याने भाषेनेही मादीला जणू नजरेआड केले आहे. वस्तुतः पिंजरा लावायचा की नाही आणि पकडलेल्या जनावराचे पुढे काय करायचे, हे बरेचसे या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असते.

कुकडी प्रकल्पाच्या माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या धरणांमुळे येथे बारमाही पाणी आले आणि पाण्यापाठोपाठ ऊस आला. पुरुषभर उंचीचा, दाट आणि वर्षभर सहसा कोणी न शिरणारा ऊस मादीला पिल्ले घालण्यास सोयीचा वाटला, तर नवल नाही. आज उसात जन्मलेल्या बिबट्यांच्या कैक पिढ्या या भागात नांदत आहेत.

प्रत्यक्ष जनावरापेक्षा त्याचे ठसे अधिक वेळा दिसतात. जुने वनरक्षक मागच्या पंजाचा ठसा पाहतात. त्याभोवती रेषा आखल्यास नराचा ठसा साधारणपणे चौरसात बसतो, मादीचा लांबट आयतात. नराची बोटे जाड व गोलसर, मादीची किंचित निमुळती असतात. पुढचा पंजा मात्र दोघांचाही रुंदच असतो. त्यामुळे पुढचा ठसा मागचा समजून मोजला, तर मादीचाही ‘नर’ होतो. पाणी दिलेल्या शेतातील चिखलात ठसा पसरतो, ही आणखी एक अडचण. अशा कारणांमुळेच गणनेसाठी ठशांऐवजी आता स्वयंचलित कॅमेऱ्यांवर भिस्त ठेवली जाते. प्रत्येक बिबट्याच्या अंगावरील ठिपक्यांची नक्षी वेगळी असल्याने छायाचित्रावरून जनावर ओळखता येते. विष्ठेतील पेशींच्या जनुकीय तपासणीतूनही नर-मादी कळते, पण ते काम प्रयोगशाळेचे.

जनावर समोर दिसलेच, तर डोके व मान पाहावी. पूर्ण वाढलेल्या नराचे डोके रुंद, मान भरदार आणि गळ्याखालची कातडी काहीशी लोंबती असते. मादी अंगाने सडसडीत, चेहऱ्याने अरुंद. नराचे वजन सर्वसाधारणपणे ५० ते ७० किलो, तर मादीचे ३० ते ४० किलो भरते. पाठमोरा नर शेपटीखालील वृषणांवरून निश्चित ओळखता येतो. मात्र हे सारे सुरक्षित अंतरावरून, हे वेगळे सांगायला नको!

एक गैरसमज गावोगावी ऐकू येतो. दोन मोठे बिबटे एकत्र दिसले, की ‘नर-मादीची जोडी फिरते आहे’ असे म्हटले जाते. बिबट्या एकांतप्रिय प्राणी आहे. मीलनाचे थोडे दिवस सोडले तर नर व मादी एकत्र राहत नाहीत आणि पिल्लांच्या संगोपनात नराचा वाटा नसतो. पिल्ले मात्र दीड ते दोन वर्षांपर्यंत आईसोबत असतात आणि तोवर नर पिल्लू आईएवढे, क्वचित तिच्याहूनही थोराड दिसू लागते. लोकांना दिसलेली ‘जोडी’ पुष्कळदा मायलेकरांचीच असते. अशा वेळी पिंजऱ्यात आई अडकली, तर शिकारीत अद्याप कच्चे असलेले पिल्लू गोठ्यांच्या आसपासच घुटमळत राहण्याची शक्यता असते. म्हणूनच पकडलेली मादी दूध पाजणारी आहे का, हे तिचे स्तन तपासून पाहणे अगत्याचे ठरते.

२००१ ते २००३ या काळात जुन्नर वन विभागात शंभरावर बिबटे पकडले गेले आणि त्यांपैकी अनेक अन्यत्र सोडण्यात आले. विद्या अत्रेय व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, माणसांवरील हल्ल्यांची वार्षिक सरासरी त्या काळात चारवरून सतरावर गेली. जागा रिकामी झाली, की दुसरे जनावर तेथे येते.

आता मादीकडे लक्ष वळले आहे. जुन्नर वन विभागातील पाच माद्यांवर गर्भनिरोधक लसीचा प्रयोग करण्यास केंद्र सरकारने २०२५ मध्ये मान्यता दिली. एक मादी एका वेळी साधारणतः दोन ते तीन पिल्ले देते, हे पाहता हा विचार समजण्याजोगा आहे. परंतु पाच माद्यांवरून साऱ्या ऊसपट्ट्याचा अंदाज बांधण्याची घाई होऊ नये.

पिल्लांत मात्र नर-मादी ओळखणे नवख्याला कठीणच. मांजराच्या पिल्लांप्रमाणेच येथेही शेपटीखालील दोन छिद्रांमधील अंतर पाहतात. ते अधिक असेल तर नर, कमी असेल तर मादी. ऊसतोडणीच्या हंगामात फडात अशी पिल्ले सापडली, की तोडणी थांबवून वन विभागाला कळवावे, पिल्ले हाताळू नयेत. वन्यजीव पशुवैद्यक नर-मादी व प्रकृती तपासतात. नंतर सापडल्या जागेजवळच खोक्यात ती ठेवली जातात आणि कॅमेरा लावून माणसे दूर होतात. अंधार पडल्यावर मादी येते आणि एकेका पिल्लाला मानेला धरून उचलून नेते.