काच अडली की चावीकडेही बघा

टोलनाक्यावर काच खाली येईना. मागच्याही नाहीत. गॅरेजवाल्याने ‘मोटर गेली’ म्हणत दाराचे पॅड उघडायला घेतले. चारही मोटरी एकाच दुपारी कशा जातील? बिघाड निघाला चावीमागच्या इग्निशन स्विचमध्ये.

एक काच की सगळ्या?

निदान इथून सुरू होते. एकच काच बंद असेल तर दोष बहुधा त्या दारातच: बटण, मोटर, रेग्युलेटर, नाहीतर दार आणि बॉडी यांच्यामधल्या रबरी नळीतली वायर. दाराच्या उघडझापीत ती वाकून वाकून तुटते. वरून शाबूत दिसते, आतली तार गेलेली असते. बटण दाबून ठेवून दार हळूहळू उघडा. काच मध्येच हलली, तर वायर तिथेच तुटली आहे.

ड्रायव्हरची काच चालते, बाकीच्या नाहीत? आधी ड्रायव्हरच्या दारावरचे विंडो लॉकचे बटण पाहा. मुलांनी दाबलेले असते.

दिव्याला विचारा

अंधारात गाडीतला दिवा लावून बटण दाबा. दिवा किंचित मंद झाला तर करंट मोटरपर्यंत पोचतो आहे, काच अडकली आहे. रबरी चॅनेलमधली धूळ पुसून सिलिकॉन स्प्रे मारा. तेल नको, त्यावर धूळ बसते आणि रबर फुगते. दिवा ढिम्म आणि मोटरचा आवाजही नाही, तर करंटच येत नाही.

सगळ्याच बंद असतील तर

फ्यूज पाहा. पॉवर विंडोचा फ्यूज बहुधा २० ते ३० अँपिअरचा असतो. २० चा पिवळा, ३० चा हिरवा. नवा तेवढ्याच अँपिअरचा घाला. चांदीचा कागद किंवा तार गुंडाळून काम भागवले, तर पुढे वायरिंगच जळते. फ्यूज ठीक असेल तर रिले आणि अर्थिंग तपासा.

चावीची गंमत

सेल्फ मारताना बहुतेक गाड्यांत काचा आणि ब्लोअर क्षणभर बंद पडतात. हा बिघाड नाही. तेवढा वेळ बॅटरीचा जोर सेल्फला हवा असतो. चावी सोडली की स्प्रिंगने ती ‘ऑन’वर येते. स्विच झिजला की ती पूर्ण मागे येत नाही, किंवा आतला कॉन्टॅक्ट जळतो. मग इंजिन चालू, पण काचा आणि ब्लोअर एकदम गप्प. अशा वेळी गाडी उभी करून, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढून चावी बोटाने किंचित मागे ढकला. ब्लोअर सुरू झाला तर दोषी स्विचच. चालत्या गाडीत हा प्रयोग नको, इंजिन बंद पडेल. जड कीचेननेही हा भाग लवकर झिजतो.

बॅटरी मल्टिमीटरवर मोजून घ्यायला विसरू नका: बंद गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास, इंजिन चालू असताना साधारण १४.

स्विच बदललात तर जुना मागून घ्या. उघडला की जळून काळे पडलेले कॉन्टॅक्ट डोळ्यांना दिसतात.